दोन मजल्यांच्या मध्ये

भिंगरीने केक कापायची सुरी हातात घेतली, अण्णांच्या टकलावर एक पापा दिला आणि तितक्याच सहजपणे म्हणाली, "मी कॉलेज सोडलं."

तिच्या आईच्या, म्हणजे सगळ्यांच्या वहिनीच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की या कार्टीला निदान सुरी खाली ठेवेपर्यंत तरी दम निघाला नसता का. वर्षातून एकदा सगळे एका टेबलाशी बसतात. सकाळपासून तिने घराखालच्या लिफ्ट-दुरुस्तीच्या वर्कशॉपचं शटर खाली ओढून ठेवलं होतं आणि रविवारच्या पाळीच्या माणसांना बजावलं होतं, की आभाळ कोसळलं तरच वर फोन करायचा. अण्णांचा वाढदिवस एकदा तरी भांडणाशिवाय पार पडावा, एवढीच तिची माफक इच्छा होती.

"काय सोडलं?" अण्णांनी कानामागे हात धरला. जन्म लिफ्टच्या मशीनरूममध्ये गेला होता त्यांचा. कान तिथेच राहिले होते.

"कॉलेज, अण्णा!"

"झकास केलंस! ये, बस इथे माझ्याजवळ."

"अण्णा, तुम्ही मधे बोलू नका," उस्ताद म्हणाले. वहिनीच्या नवऱ्याला घराबाहेर सगळे उस्ताद म्हणत आणि आता घरातही त्याच नावाची सवय झाली होती. त्यांचा आवाज अजून चढला नव्हता, पण मान लाल व्हायला लागली होती. "शेवटचं वर्ष होतं. एक वर्ष काढता आलं नाही तुला?"

"एका वर्षाने काय होणार होतं, बाबा? इंजिनिअर म्हणून एक कागद मिळाला असता, आणि लिफ्टचं पॅनेल उघडताना माझा हात तसाच थरथरला असता. मला आपल्या वर्कशॉपमध्ये काम करायचंय."

"माझ्या वर्कशॉपमध्ये तुला काम मिळणार नाही."

'माझ्या' हा शब्द वहिनीने ऐकला आणि नेहमीसारखा गिळला. कुठला मिस्त्री कुठल्या इमारतीत आहे, कुणाला कुठे पाठवायचं, ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाला कसं शांत करायचं, हे सगळं लग्न झाल्यापासून तीच बघत होती. पण वर्कशॉप बोलताना नेहमी यांचंच असायचं.

सरांनी घसा खाकरला. सर म्हणजे उस्तादांचे धाकटे भाऊ. कॉलेजात गणित शिकवायचे, आणि घरातही शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं असेच बोलायचे. "हे बघ भिंगरी, शिक्षण म्हणजे नुसता कागद नसतो. विचार करण्याची एक शिस्त—"

"काका, तीन वर्षं मी तुमच्या शिस्तीत लिफ्टची गणितं सोडवतेय. परीक्षेतली लिफ्ट नेहमी वजनरहित दोराला टांगलेली असते. कुठे मिळतो हो असा दोर? आपल्या खालच्या गोदामातलं भेंडोळं उचलायला चार माणसं लागतात."

"सहा," अण्णा म्हणाले. ते सोयीचं तेवढं बरोबर ऐकत. "आणि हा आमचा गणितवाला घरातला बल्ब बदलायलासुद्धा माणूस बोलावतो."

सरांनी चष्मा काढला. वहिनीला वाटलं, आता हे चष्मा पुसतील आणि विषय संपेल. पण ते वडिलांकडे बघत राहिले. "अण्णा, तुमची दोन बोटं कशात गेली?"

अण्णांनी डावा हात आपोआप मांडीवर घेतला. "पुलीत. माहीत नाही का तुला?"

"माहीत आहे. का गेली?"

"का म्हणजे? हात कुठे ठेवायचा नाही, ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. बोटं गेल्यावर कळलं."

"आमच्याकडे ते पहिल्या धड्यात सांगतात," सर म्हणाले. "एकाचंही बोट न जाता."

अण्णा मांडीवरच्या हाताकडे बघू लागले. वाढदिवशी म्हाताऱ्या माणसाला एवढं लागेल असं बोलायची गरज होती का, असं वहिनीला वाटलं. आणि लगेच असंही वाटलं, की सरांचं खोटं तरी कुठे होतं? या घरात प्रत्येक जण थोडा बरोबर असायचा आणि तेवढ्याच जोरावर बाकीच्यांचं डोकं उठवायचा. तिने भिंगरीच्या हातातून सुरी काढून घेतली आणि मुकाट्याने केक कापून सगळ्यांच्या बश्यांत ठेवला. काहीतरी खाल्लं तर तोंडं बंद राहतील, असा तिचा हिशेब होता. तो चुकला. तोंडात केक घेऊनच भिंगरी वडिलांकडे वळली.

"बाबा, तुमच्याकडे कुठली डिग्री आहे? तरी लोक तुम्हालाच उस्ताद म्हणतात ना?"

"म्हणूनच सांगतोय."

"म्हणूनच म्हणजे काय?"

उस्तादांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

"दादा, सांगून टाक ना आता," सर म्हणाले.

"तू गप्प बस."

"का म्हणून? पोरीला वर्षाचं महत्त्व मी समजावून सांगायचं, शिव्या मी खायच्या, आणि तू खिडकीतून बघत बसायचं? मला वैताग आलाय या लपवाछपवीचा. वहिनी, दादा दर मंगळवारी माझ्याकडे येतो. गणित शिकायला. आमच्या कॉलेजात संध्याकाळचा डिग्रीचा वर्ग आहे, त्याच्या प्रवेश परीक्षेला बसला होता. पास झालाय."

वहिनीला ते शब्द कळले, पण अर्थ लागायला वेळ लागला. "मंगळवारी?" ती म्हणाली. "मंगळवारी तर यांचा गुडघा असतो."

सर आणि भिंगरी दोघंही उस्तादांच्या गुडघ्याकडे बघू लागले.

"गुडघ्याचे व्यायाम करून घ्यायला जातात ते मंगळवारी. आल्यावर मी गरम पाण्याची पिशवी भरून देते." ती नवऱ्याकडे वळली. "मी पिशवी भरून देते, आणि तुम्ही ती घेता!"

"अगं, गुडघा दुखतो कधीकधी," उस्ताद म्हणाले.

आता बाजू बदलल्या. अण्णा, जे मघापासून नातीच्या बाजूने छाती काढून बसले होते, ते थोरल्या मुलावर उखडले. या वयात पोरासोरांच्या बाकावर बसणार? मग इतकी वर्षं आपण शिकवलं ते काय वाया गेलं? सर भावाच्या वतीने भांडू लागले. भिंगरी आधी खो खो हसली, मग तिचे डोळे भरून आले आणि ती ओरडली, "म्हणजे तुम्ही वर्कशॉप सोडून कॉलेजात गेलेलं चालतं, आणि मी कॉलेज सोडून वर्कशॉपमध्ये आलेलं नाही चालत? हा कुठला न्याय?"

तेवढ्यात फोन वाजला.

वहिनीने तो उचलला आणि त्याच क्षणी तिचा आवाज बदलला. "बोला. कुठली इमारत? बरं. कितव्या मजल्यावर? चौथ्या-पाचव्याच्या मध्ये. आत कोण आहे? एकट्याच आहेत का? बोलतायत ना नीट? मग घाबरू नका. कुणीही दार ओढायचं नाही, आतूनही नाही आणि बाहेरूनही नाही. आम्ही निघालोच."

फोन ठेवून तिने सांगितलं, "निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. लिफ्टमध्ये अडकल्यात. रविवारची माणसं हॉस्पिटलच्या कामावर आहेत, त्यांना तासभर तरी हलता येणार नाही."

उस्ताद उठले होतेच. "एक माणूस वर मशीनरूममध्ये लागेल आणि एक दाराशी."

"मी येते," भिंगरी म्हणाली.

"तू नाही."

"दोघंही चला," वहिनी म्हणाली. "गाडी मी चालवणार. तुम्हा दोघांना एका गाडीत एकटं सोडलं तर त्या बाई लिफ्टमध्येच म्हाताऱ्या होतील. भाऊजी, तुम्ही अण्णांजवळ बसा. आणि कृपा करून त्यांना काही शिकवू नका."

गाडीच्या मागच्या भागात हत्यारांच्या पेट्या खडखडत होत्या. त्यांच्यामध्ये भिंगरी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. रस्ता मोकळा होता, तरी वहिनीने दोनदा उगाचच हॉर्न वाजवला.

"मी सांगणारच होतो तुला," उस्ताद म्हणाले.

"पुढे बघा."

"गाडी तू चालवतेयस."

"मग मी बघते पुढे. तुम्ही गप्प बसा."

इमारतीच्या दारात वॉचमन वाट बघत होता. उस्तादांना त्याने ओळखलं नाही, वहिनीला तर कधी पाहिलंच नव्हतं. पण मागून भिंगरी उतरली तसा त्याचा जीव भांड्यात पडला. "ताई! बरं झालं तुम्हीच आलात. परवाच तर तुम्ही नीट करून गेला होतात. पुन्हा बंद पडली बघा."

भिंगरी जागच्या जागी थिजली.

वहिनी तिच्याकडे बघत राहिली आणि तिच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसू लागली. उन्हाळ्यानंतर कधीतरी वर्कशॉपच्या मिशीवाल्या मिस्त्रीने फोनवर सांगितलं होतं, वहिनी, एक नवा माणूस शिकायला घेतलाय, हात चांगला आहे. ठेवा, ती म्हणाली होती, पण मधेच सोडून जाणारा नको. त्यानंतर रोज सकाळी तिने स्वतः त्या नव्या माणसाला कामं वाटली होती. नव्या माणसाला तिकडे पाठवा, नव्या माणसाला खड्ड्यात उतरवू नका, नवा माणूस जेवला का. सगळं फोनवर; नवा माणूस परस्पर इमारतींवरच जायचा, तिच्या किंवा उस्तादांच्या समोर कधी आलाच नव्हता. आणि संध्याकाळी दमून आलेल्या पोरीला तिने विचारलं होतं, आज लेक्चर फार होती का गं?

"नवा माणूस," वहिनी म्हणाली.

"आई—"

"आधी त्या बाईंना बाहेर काढा. मग बघते मी एकेकाकडे."

उस्तादांनी मात्र हत्यारांची पेटी उचलली. ते जिन्याने वर निघाले, दोन-दोन पायऱ्या घेत. वहिनीने त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं. दोन्ही ठणठणीत होते.

भिंगरी पाचव्या मजल्यावर लिफ्टच्या दाराशी उभी राहिली आणि वहिनी जिन्यात मधल्या वळणावर. वरचं खाली आणि खालचं वर ओरडून सांगायचं काम तिच्याकडे आलं. घरात तरी ती दुसरं काय करत होती?

"मेन बंद केला!" वरून उस्तादांचा आवाज आला.

"मेन बंद केला!" वहिनी ओरडली.

"बाई, आता लिफ्ट हळूहळू वर येईल," भिंगरी दाराला तोंड लावून म्हणाली. "धक्का बसला तरी घाबरू नका. दारापासून लांब, मागच्या भिंतीला टेकून उभ्या रहा."

"मी घाबरलेले नाही," आतून आवाज आला. "मी चिडले आहे."

वर उस्तादांनी ब्रेकचा दांडा दाबून धरला आणि हाताने चाक फिरवायला सुरुवात केली. दोर किंचित कुरकुरले. दाराच्या काचेमागे लिफ्टचं छत आलं, मग दिव्याची पट्टी, मग पांढरे केस. "अजून," भिंगरी म्हणत होती, "अजून... थोडं अजून... बस!" ब्रेक पुन्हा बसल्याचा दणका ऐकून तिने चावी लावली आणि दार उघडलं. मुख्याध्यापिका बाहेर आल्या, पदर सारखा केला आणि चष्म्यावरून सगळ्यांना न्याहाळलं. तोवर उस्तादही धापा टाकत खाली आले होते.

"या लिफ्टला शेवटचा हात कुणी लावला होता?" बाईंनी विचारलं.

"मी," उस्ताद म्हणाले.

"मी," भिंगरी म्हणाली.

"दोघांनी एकदम उत्तर द्यायचं नाही. मुली, तू सांग."

भिंगरीने सांगितलं, "दार बंद आहे हे लिफ्टला कळावं म्हणून कुलपात एक छोटा स्विच असतो. परवा मी तो नवीन बसवला. फारच नाजूक जुळवला गेला असणार. चालताना लिफ्टचा डबा जरा हलतो ना, तेवढ्यानेही तो सुटला. लिफ्टला वाटलं दार उघडं आहे. ती थांबली."

"म्हणजे पडली नसती?"

"नाही. शंका आली की थांबायचं, अशीच बनवलेली असते ती."

"तू इंजिनिअर आहेस?"

"नाही."

"मग मिस्त्री?"

भिंगरीने वडिलांकडे पाहिलं. "नाही. अजून नाही."

"मग तू आहेस कोण?"

बाईंनी ते कुत्सितपणे विचारलं नव्हतं. शाळेत नव्याने आलेल्या मुलीला विचारावं तसं, उत्तर हवं म्हणून विचारलं होतं. पण भिंगरी हातातल्या चावीकडे बघू लागली. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली, मग "नीट करून जा," एवढंच म्हणून त्या जिना उतरून गेल्या.

भिंगरी पायरीवर बसली. रडली नाही. "कॉलेजात मला सारखं वाटायचं, आपण खोटे आहोत," ती म्हणाली. "सगळं कागदावर. इथे आले की कुणीतरी खरी होईन असं वाटलं होतं. आता इथेही..."

वहिनीच्या ओठांवर चार कडक वाक्यं तयार होती. ती तशीच राहिली, कारण उस्ताद पोरीच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, पण तिला दिला नाही. नुसता हातात फिरवत राहिले.

"त्या व्यापाऱ्याच्या गोदामाची लिफ्ट पडली ते आठवतं तुला? लहान होतीस."

"हमालाचा पाय गेला तेव्हाची?"

"हं. त्याच्या आधी मी मालकाला सांगितलं होतं, दोराचा आवाज बरोबर नाही. त्याने एक इंजिनिअर बोलावला. चांगला मुलगा होता, दोन वेळा वर चढला, सगळं मोजून बघितलं. मोजमापात बसत होतं. त्याने मला नीट विचारलं, कसला आवाज येतो हो? मी म्हटलं, कसलातरी. आता तो तरी काय लिहून घेणार? त्याचं मोजमाप खोटं नव्हतं, माझा कान खोटा नव्हता. आम्हाला एकमेकांशी बोलताच आलं नाही. पुढे सगळे म्हणाले, उस्तादाचं खरं ठरलं. खरं ठरून काय झालं गं? पाय गेला तो गेलाच."

जिन्यात खालून कुणाच्या तरी रेडिओचा आवाज येत होता.

"हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत," वहिनी म्हणाली.

"काय सांगणार? उस्ताद म्हणतात सगळे. उस्तादाला आवाजाचं नावसुद्धा माहीत नाही, हे कुणाला सांगणार?"

ते उठले, कुलपाचं झाकण काढलं आणि भिंगरीला जवळ बोलावलं. डबा चालताना किती हलतो ते कसं काढायचं, असं त्यांनी विचारलं. तिला येत होतं. दुसऱ्या वर्षाला होतं ते. ती बोटाने धूळ बसलेल्या भिंतीवर आकडे काढून सांगू लागली, उस्ताद मधेच अडवू लागले, तिचा आवाज चढला, त्यांचाही चढला. "अहो बाबा, ऐका तरी!" "अगं पण हा स्विच गंजला की काय करशील, ते तुझ्या आकड्यात कुठंय?" स्विच जुळला तेव्हा दोघंही एकमेकांवर पुरते वैतागलेले होते आणि लिफ्ट न अडखळता तळापासून गच्चीपर्यंत जाऊन आली.

गाडीत बसल्यावर वहिनीने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"आता माझं ऐका," ती म्हणाली. "डिग्री मोठी की हात मोठा, ते तुम्ही आणि भाऊजी आणि अण्णा जन्मभर घोळत बसा. मला त्याच्याशी देणंघेणं नाही. मला राग कशाचा आलाय माहीत आहे? या शहरात कुणीही दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं की पहिला फोन मला येतो. अनोळखी माणसं मला फोन करतात, आणि मी त्यांच्याशी बोलत राहते, माणूस पोचेपर्यंत. माझ्या घरातली दोन माणसं इतके महिने अडकून बसली होती. मला फोन का नाही केलात?"

मागे भिंगरीने एक पेटी उगाचच सरकवली.

उस्तादांनी हातावरचं वंगण दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खरवडलं. मग म्हणाले, "पुढच्या आठवड्यात वर्ग सुरू होतोय. मला भीती वाटते."

"कशाची?"

"पहिल्या दिवशी प्रत्येकाला उठून नाव सांगायला लावतात म्हणे. सगळी विशीतली पोरं. त्यांच्यात मी उभा राहणार." ते ओशाळून हसले. "आणि नापास झालो तर?"

"तर पुन्हा बसा. इतकी वर्षं तुमचे मिस्त्री तीन-तीनदा चुकतात तेव्हा तुम्ही काय सांगता त्यांना?" वहिनीने किल्ली फिरवली. "संध्याकाळचे फोन आले की तुमच्या जागी मिशीवाले जातील. त्यांच्याशी मला वेगळं बोलायचंच आहे."

"आणि मी?" मागून बारीक आवाज आला.

"तुझं यंदाचं नाव काढून टाकलंयस ना? मग पुढच्या वर्षापर्यंत रिकामीच आहेस. उद्या सकाळी सगळ्यांच्या आधी खाली यायचं. हॉस्पिटलच्या लिफ्टखालच्या खड्ड्यात पाणी साचलंय, ते उपसायचं आहे."

"खड्ड्यात? आई, तूच म्हणायचीस, नव्या माणसाला खड्ड्यात उतरवू नका."

"तेव्हा मला माहीत नव्हतं ना, कोण आहे ते," वहिनी म्हणाली आणि तिने गाडी रस्त्यावर घेतली.